वॉकी-टॉकी घेण्यापूर्वी

दुर्गापूजेची सुट्टी जवळ आली, की कलकत्त्यातील डोंगरवेड्या मंडळींच्या घरी माळ्यावरच्या पाठपिशव्या खाली उतरतात, आणि सांदकफूला जावे की शुशुनियाच्या कड्यांवर दोर लावावेत, पुरुलियाच्या अयोध्या पहाडात मुक्काम करावा की सुंदरबनाच्या खाड्यांतून नावेने हिंडावे, यावर रात्री उशिरापर्यंत बोलणी चालतात. नोकरी-व्यवसायानिमित्त या शहरात येऊन येथेच स्थिरावलेली मराठी कुटुंबेही, सह्याद्रीची ओढ रक्तात असल्यामुळे म्हणा किंवा बंगाली शेजाऱ्यांच्या संगतीमुळे म्हणा, या उत्साहात मागे नाहीत. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात भेटणाऱ्या तरुणांकडून अलीकडे एक प्रश्न मला पुनःपुन्हा विचारला जातो, तो असा की, डोंगरात मोबाइल मुका होतो, पुढे गेलेली आणि मागे राहिलेली माणसे एकमेकांना दुरावतात, तेव्हा हातात मावणारे वॉकी-टॉकी संच कोणते घ्यावेत? प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याचे उत्तर दुकानातल्या काचेच्या कपाटापाशी सुरू होत नाही. ते सुरू होते सरकारी कायद्यापाशी, पुढे जाते जमिनीच्या चढउतारापाशी, आणि संचाच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यांना त्यात अगदी शेवटचे स्थान आहे, एवढे मी प्रारंभीच सांगून ठेवतो.

या विषयावरील परदेशी पुस्तके आणि सूचिपत्रे बहुधा शिकाऱ्यांना उद्देशून लिहिलेली असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा तो अध्याय मिटवून टाकला आहे, आणि ते योग्यच झाले. त्यामुळे आपल्या वाचकाच्या हाती बंदूक नसून फार तर दुर्बीण असणार. परंतु अभयारण्यात शिरताना त्याने एक गोष्ट ध्यानी ठेवावी, की वनरक्षकाच्या दृष्टीने अनोळखी माणसाच्या कमरेला लटकणारा बिनतारी संच हा चोरट्या शिकाऱ्याचाही असू शकतो. म्हणून प्रवेशाचा परवाना घेतानाच आपल्यापाशी असे संच आहेत ही इत्तला वनखात्याच्या कचेरीत द्यावी, आणि त्यांनी ते वापरण्यास मनाई केली तर मुकाट्याने पिशवीत ठेवावेत.

आता कायद्याकडे वळू. बिनतारी यंत्र जवळ बाळगणे ही आपल्या देशात कधीच केवळ खासगी बाब नव्हती. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा या दोहोंच्या अंमलाखाली परवान्यावाचून प्रक्षेपक बाळगणे हाच गुन्हा मानला गेला, आणि आता त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही लहरींवरील सरकारचा ताबा सैल केलेला नाही. लहरी डोळ्यांना दिसत नसल्या, तरी त्यांची वाटणी जमिनीच्या सातबाऱ्याइतक्याच काटेकोरपणे झालेली असते. अमुक पट्टा पोलिसांचा, अमुक विमानांचा, अमुक जहाजांचा, अशी ही व्यवस्था आहे आणि तिचे दप्तर दूरसंचार खात्याच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडे असते. सर्वसामान्य नागरिकाला या व्यवस्थेत विनापरवाना वावरण्याची मुभा काही थोड्या अरुंद पट्ट्यांतच दिलेली आहे. त्यांपैकी आपल्या कामाचा मुख्य पट्टा म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा होय, ज्याला २०१८ च्या अल्पशक्ती उपकरणांसंबंधीच्या नियमांनी परवान्यातून सूट दिली. दुसरा पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा, ज्यात ५ वॅटपर्यंत शक्ती चालते. आणि तिसरा ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढचा, ज्यात चालणारे संच प्रामुख्याने कारखाने आणि गुदामे यांच्यासाठी असतात.

सूट परवान्यातून आहे, मंजुरीतून नाही, हे येथे ठळकपणे सांगितले पाहिजे. संचाच्या प्रत्येक नमुन्याला दूरसंचार खात्याची उपकरण-प्रकार मंजुरी, जिला व्यापारी 'ईटीए' म्हणतात, मिळालेली असावी लागते; दुकानदाराकडे त्या दाखल्याची प्रत मागावी, तीवरचा नमुना क्रमांक संचाच्या पाठीमागे, बॅटरी काढल्यावर दिसणाऱ्या चिठ्ठीवरील क्रमांकाशी अक्षरशः ताडून पाहावा, आणि दोहोंत एका अक्षराचाही फरक आढळला तर संच परत करावा. ऑनलाइन बाजारात हा निष्काळजीपणा इतका वाढला, की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला मे २०२५ मध्ये वॉकी-टॉकींच्या विक्रीसंबंधी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. संच कोणत्या लहरींवर चालतो, त्याला परवाना लागतो किंवा कसे, आणि मंजुरी आहे किंवा नाही, हे विक्रेत्याने ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे असा त्यांचा आशय आहे. हा मजकूर जिथे दिसत नाही तिथे खरेदी करू नये, मग किंमत कितीही मोहक असो.

दोन प्रकारच्या संचांविषयी मी वाचकांना विशेष सावध करतो. पहिला प्रकार म्हणजे अमेरिकेतल्या मुलाने किंवा भाचीने प्रेमाने आणलेली जोडी. तेथील कौटुंबिक वापराचे संच ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, त्या देशात त्यांना मोकळीक आहे, आपल्या देशात नाही. शिवाय त्यांतील हवामानवार्तेचे चॅनेल ज्या केंद्रांसाठी असतात ती केंद्रे अमेरिकेत, म्हणून येथे ते चॅनेलही निरुपयोगी. दुसरा प्रकार म्हणजे १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ अशा दोन रुंद पट्ट्यांवर बोलू शकणारे, ५ वॅटचे, अत्यंत स्वस्त संच. यांच्या मोहात सुशिक्षित माणसेही पडतात, कारण एका लहानशा यंत्रात एवढे सामर्थ्य इतक्या अल्प मोलात मिळते ही गोष्ट खरी आहे; परंतु याच रुंद पट्ट्यांत पोलीस, वनखाते, रेल्वे आणि किनाऱ्यावरील जहाजे यांचीही संभाषणे चाललेली असतात, आणि एका चुकीच्या बटणाने आपला आवाज त्यांच्या कामात घुसतो. ज्याच्यापाशी हौशी बिनतारी चालकाचा परवाना आहे त्याने रीतसर मार्गाने घेतलेला असा संच त्याच्या नेमून दिलेल्या पट्ट्यात वापरावा. इतरांनी त्याला हात लावू नये.

एवढा जाबता कशासाठी, असे कोणी विचारील, तर त्याने याच शहराचा इतिहास आठवावा. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युच्चुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि दारूचा स्फोट घडवून आणला. म्हणजे तारेवाचून दूर अंतरावर काहीतरी घडवून आणता येते, आणि ते विधायकही असू शकते व विघातकही, हे दोन्ही धडे या नगरीने एकाच प्रयोगात पाहिले. पुढे १९२१ मध्ये भारतातील पहिला हौशी बिनतारी चालक म्हणून ज्यांची नोंद झाली, ते अमरेंद्रचंद्र गुप्त हेही कलकत्त्याचेच, आणि त्यांना '२ जेके' हे संकेतनाम मिळाले होते. या शहरात बिनतारीची हौस आणि तिचा परवाना या दोन गोष्टी अशा शंभर वर्षे हातात हात घालून चालत आल्या आहेत.

बसूंच्या लहरी भिंतीपार गेल्या, म्हणून आपला संच डोंगरापार बोलेल अशी कल्पना मात्र कोणी करून घेऊ नये. ४४६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६७ सेंटिमीटर असते, आणि इतक्या आखूड लहरींचा स्वभाव बव्हंशी कंदिलाच्या उजेडासारखा असतो: मोकळ्यावर त्या दूरवर पोहोचतात, लहानसहान आडोशाला थोड्याफार वळसा घालतात, पण मध्ये डोंगराचा दांडा आला की त्याच्या पाठीमागे अंधारच पडतो. सपाट, मोकळ्या जागी छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरवर, धरलेल्या दोन संचांच्या मध्ये पृथ्वीची गोलाईच सुमारे १० किलोमीटरवर आडवी येते. आणि ही झाली आदर्श मर्यादा, जी झाडे, घरे आणि मातीचे उंचवटे प्रत्यक्षात गाठूच देत नाहीत. मग खोक्यावर १५, २५, ३० किलोमीटरचे आकडे कुठून येतात? ते येतात शिखरावरून दरीत बोलण्यातून. ३,६३६ मीटर उंचीच्या सांदकफूवर उभ्या असलेल्या माणसाला बिनतारीचे क्षितिज दोनशे किलोमीटरांहूनही दूर असते, आणि मध्ये काही आड येत नसेल तर अर्ध्या वॅटचा क्षीण संचही आश्चर्यकारक अंतर कापतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खालच्या पायथ्याशी स्वच्छ बोलणे होते, आणि त्याच गडाच्या माथ्यावर, टेकाडाच्या अल्याड-पल्याड असलेल्या दोघांचे होत नाही, याचे मर्म हेच.

वॅटच्या आकड्यावर भाळणाऱ्यांना एक हिशेब सांगतो. अर्ध्या वॅटच्या जागी पाच वॅट केले, म्हणजे शक्ती दसपट वाढवली, तरी अगदी मोकळ्या आकाशात पल्ला जेमतेम सव्वातीनपट होतो, आणि जमिनीलगत, जिथे आपण खरोखर चालतो, तिथे तो दुपटीलाही पोहोचत नाही. बॅटरी मात्र बोलताना कितीतरी अधिक वेगाने रिकामी होते. उलट, दहा पावले चढून दांड्याच्या माथ्यावर गेल्याने जे साधते ते कोणत्याही वॅटने साधत नाही. म्हणून दोन संचांपैकी कोणता घ्यावा अशा पेचात असताना शक्तीपेक्षा अँटेनाकडे आधी पाहावे. ४४६ च्या पट्ट्यात पाव लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर येते, आणि अँटेना या मापाच्या जितकी जवळ तितकी ती कार्यक्षम. बोटभर लांबीचा गुळगुळीत सुबक ठोंबा खिशाला सोयीचा असला, तरी त्याची किंमत पल्ल्यात मोजावी लागते. हाच हिशेब २७ मेगाहर्ट्झच्या संचांना लावला, तर त्यांची लहर ११ मीटरांची, म्हणजे पाव लहर पावणेतीन मीटरांची. हातात धरण्याच्या संचाला इतकी अँटेना लावणे अशक्य, त्यामुळे कागदावर पाच वॅट असूनही पायी चालणाऱ्याला त्यांचा उपयोग बेताचाच होतो. पायी भटकंतीसाठी ४४६ चा संच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या वर्गातील संचांची अँटेना बहुधा संचालाच कायमची जोडलेली असते, ती काढून दुसरी लावण्याचा खटाटोप करू नये. तसे केल्याने यंत्र सवलतीच्या अटींबाहेर जाऊ शकते.

कोणत्या भूमीवर काय अपेक्षा धरावी, याचा आता थोडा विस्तार करतो, कारण माझ्या मते निवडीचा खरा कस येथेच लागतो. शुशुनियाच्या किंवा पुरुलियातील जयचंडी पहाडाच्या खडकांवर, जिथे कलकत्त्याच्या गिर्यारोहण संस्था आपल्या नवशिक्यांना दोराचे पाठ देतात, तिथे अंतर शंभर-दीडशे मीटरांपलीकडे जात नाही. अडचण असते ती वाऱ्याची आणि मधल्या कड्याच्या फुगवट्याची, ज्यांच्यामुळे वर चढलेल्याची हाक खाली दोर धरणाऱ्याला ऐकू येत नाही. येथे अर्धा वॅट भरपूर झाला. संच हलका असावा, छातीशी घट्ट अडकावा, आणि दोन्ही हात गुंतलेले असताना कानातल्या तारेवरून ऐकू यावे, एवढेच पाहावे. आवाज झाला की आपोआप प्रक्षेपण सुरू करणारी सोय मात्र येथे बंद ठेवावी, कारण धापा टाकणे आणि वारा या दोहोंनाही यंत्र बोलणेच समजते, आणि नेमक्या निकडीच्या क्षणी मार्ग अडून राहतो. दोराच्या झटक्यांचे ठरलेले इशारे विसरू नयेत, हे तर सांगायलाच नको.

सांदकफूचा मार्ग याहून निराळा. मानेभंज्यांगहून वर जाताना सिंगालीला दांड्याच्या माथ्यावरून वाट जाते, तिथे पुढची आणि मागची तुकडी किलोमीटर-दोन किलोमीटर अंतरावर असूनही सुखाने बोलू शकते. परंतु परतीच्या वाटेवर सांदकफूहून गुर्दुम आणि श्रीखोलाकडे उतरताना दाट, ओल्या अरण्यातून नागमोडी उतार लागतो, आणि ओली पाने या आखूड लहरी फार शोषून घेतात. माथ्यावर उत्तम चाललेले संच येथे काहीशे मीटरांत मुके होतात, आणि नेमकी याच उतारावर, धुके असताना, गुडघे दुखणारी माणसे मागे रेंगाळतात. तेव्हा उतरणीला लागण्यापूर्वी तुकडीतले अंतर कमी करावे; संच आहेत म्हणून अंतर वाढवणे ही सर्वांत घातक चूक. या मार्गाची दुसरी विशेष गोष्ट अशी, की तो भारत-नेपाळ सीमेवरून आलटून-पालटून जातो, आणि तुमलिंगसारखी मुक्कामाची ठिकाणे सीमेपलीकडे आहेत. आपल्या सरकारने दिलेली सवलत सीमा ओलांडताच संपते. म्हणून नेपाळच्या हद्दीत संच बंद ठेवावेत, आणि सशस्त्र सीमा बलाच्या चौकीवर नावे नोंदवताना संचांचीही नोंद आपण होऊन करावी, मंजुरीच्या दाखल्याची छापील प्रत सोबत बाळगावी. जवानाने विचारल्यावर खुलासा करण्यापेक्षा त्याने विचारण्याआधी सांगितलेले केव्हाही बरे.

सुंदरबनात भूमी सपाट आणि पाणी मोकळे, त्यामुळे नावेच्या टपावरून पल्ला चांगला मिळतो, पण खारफुटीच्या आत शिरलेल्या अरुंद खाडीत तो झपाट्याने घटतो. तेथे खरा शत्रू अंतर नसून खारे पाणी. संचावर 'आयपी ६७' अशी खूण असली, की तो धुळीपासून पूर्ण सुरक्षित आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी शाबूत, असे समजावे. 'आयपी ५४' असेल तर शिंतोड्यांपुरते संरक्षण. परंतु ही कसोटी गोड्या पाण्याची असते. खाऱ्या पाण्याने चार्जरच्या पितळी टोकांवर हिरवट थर चढतो, म्हणून बॅटरीचे आणि जोडणीचे झाकण नीट बंद आहे याची खातरजमा करून संच रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसावा आणि कोरडा करावा. भरसमुद्रात जाणाऱ्यांनी तर या संचांवर विसंबूच नये, जहाजांसाठी १५६.८ मेगाहर्ट्झचा सोळावा चॅनेल संकटसमयी ऐकला जातो, आणि तो सागरी संच रीतसर परवान्याने नाखव्यापाशी असला पाहिजे.

बॅटरीविषयी दोन शब्द. उत्पादक जे तास सांगतात ते बहुधा शंभरातील पाच भाग बोलणे, पाच भाग ऐकणे आणि नव्वद भाग स्वस्थ पडून राहणे, या हिशेबाने. आपली मंडळी याहून पुष्कळच अधिक बोलतात. लिथियम-आयन बॅटरी थंडीत आपली क्षमता चोरते, म्हणून हिवाळ्यात, सांदकफूवर पारा शून्याखाली जातो तेव्हा, ती रात्री झोपण्याच्या पिशवीत अंगाशी घेऊन निजावे. शक्यतो असा संच पसंत करावा ज्यात मूळ बॅटरी संपल्यावर बाजारात कुठेही मिळणारे पेन्सिल सेल घालता येतात, किंवा निदान जो यूएसबी तारेवर भरता येतो. जिथे विजेचा भरवसा नाही तिथे विशिष्ट पाळण्यातच बसणारा चार्जर आपल्याला अडवून धरतो. विमानाने बागडोग्र्याला जाणाऱ्यांनी सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवाव्यात.

संचावर झळकणाऱ्या इतर गुणांपैकी बहुतेकांकडे मी दुर्लक्ष करायला सांगेन. दहा प्रकारच्या घंट्या, रंगीत पडदा, बोलणे संपताच होणारी किणकिण, यांवाचून काही अडत नाही. 'प्रायव्हसी कोड' या नावाने विकल्या जाणाऱ्या उपसंकेतांबद्दल तर पुष्कळांचा गैरसमज आहे. त्यांमुळे आपले बोलणे गुप्त होत नाही, केवळ इतरांचे बोलणे आपल्याला ऐकू येईनासे होते. दोन तुकड्या एकाच चॅनेलवर निरनिराळे उपसंकेत लावून बोलू लागल्या, तर त्या एकमेकींना न ऐकता एकमेकींचे बोलणे चिरडतात. कोणी हरवले असेल, तेव्हा सर्वांनी उपसंकेत काढून टाकावेत. महत्त्वाचे गुण निराळे: हातमोजा घालूनही सापडणारे मोठे बटण, चुकून चॅनेल बदलू नये म्हणून कुलूप, वाऱ्यातही ऐकू येणारा खणखणीत आवाज, आणि अंधारात चाचपून कळणारी घुंडी. या चार गोष्टी दुकानात हातमोजा घालून, डोळे मिटून पाहाव्यात. दुकानदाराला नवल वाटले तरी हरकत नाही.

खरेदीनंतर लगेच डोंगर गाठू नये. एखाद्या रविवारी सकाळी रवींद्र सरोवरावर जावे, एकाने एका तीरावर आणि दुसऱ्याने समोरच्या तीरावर उभे राहून पाण्यावरून बोलावे. मग एकाने तिथेच थांबून दुसऱ्याने लेक मार्केटच्या गल्ल्यांत शिरत जावे, आणि कोणत्या वळणावर आवाज खरखरू लागला, कोणत्या इमारतीमागे तो तुटला, हे कागदावर टिपावे. पाच मजली घरांच्या त्या गल्ल्यांत जे घडते, तेच दरीत घडणार आहे. मग जिथे आवाज तुटला तिथेच उभे राहून संच डोक्याच्या वर उभा धरून पाहावा, दोन पावले डावी-उजवीकडे सरकून पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच बोलणे पुन्हा जुळते, आणि हा अनुभव हातात मुरलेला असणे फार मोलाचे. फोर्ट विल्यमच्या आसपासचे मैदान, मेट्रोची स्थानके आणि विमानतळाचा परिसर ही ठिकाणे अशा चाचणीसाठी टाळावीत. सवलतीचा संच असला, तरी पहारेकऱ्याला विनाकारण संशयात पाडण्याचे कारण नाही.

वापराची शिस्त ठरवण्याचा दिवसही हाच. कळ दाबल्याबरोबर बोलू नये, क्षणभर थांबून मग बोलावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि 'नका येऊ' मधला 'नका' गळाला तर काय अनर्थ होईल ते वेगळे सांगायला नको. तोंडापासून चार बोटे अंतर ठेवावे, अँटेना उभी धरावी, आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव घ्यावे आणि मग आपले. ऐकणाऱ्याने निरोप आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावा. सर्वांत उपयुक्त रिवाज वेळापत्रकाचा. अमेरिकेतील हौशी चालकांनी रानवाटांसाठी असा प्रघात पाडला आहे, की सकाळी सातपासून दर तीन तासांनी निदान पाच मिनिटे ठरलेल्या लहरीवर कान द्यावा, म्हणजे बॅटरीही वाचते आणि अडचणीतल्या माणसाला आपली हाक केव्हा ऐकली जाईल हेही ठाऊक असते. आपल्या लहान तुकड्यांनी दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटे असा नेम करावा, एक मुख्य आणि एक पर्यायी चॅनेल ठरवावा, आणि दोन ठोके ओळीने उत्तर आले नाही तर कोणी, कुठपर्यंत मागे जायचे, हे निघण्यापूर्वीच कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्यावे.

उपग्रहावरून बोलणाऱ्या यंत्रांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. थुराया आणि इरिडियम यांचे फोन आपल्या देशात परवान्याविना आणणे व वापरणे निषिद्ध आहे, आणि गिर्यारोहकांत परदेशी लोकप्रिय असलेली, उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रेही याच मनाईत येतात. ती सामानात सापडल्यामुळे परदेशी प्रवाशांना विमानतळावर अटक झाल्याची उदाहरणे आहेत. २००८ मध्ये मुंबईवर चालून आलेल्या दहशतवाद्यांपाशी उपग्रह-फोन होता, हे ज्याला आठवते त्याला या कठोरतेचे कारण विचारावे लागणार नाही. परदेशातून येणाऱ्या नातलगांना हे पत्राने आधीच कळवावे.

ज्यांना सवलतीच्या संचाचा पल्ला खरोखर अपुरा पडतो, त्यांच्यासाठी सन्मार्ग एकच, तो म्हणजे हौशी बिनतारी चालकाची परीक्षा. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही दूरसंचार खात्याच्या परीक्षेला बसता येते; मर्यादित श्रेणीसाठी मोर्सची लिपी यावी लागत नाही, विजेची प्राथमिक तत्त्वे आणि संभाषणाचे नियम एवढ्यावर ती निभावते, आणि उत्तीर्ण होऊन परवाना हाती आल्यावर 'व्हीयू ३' ने सुरू होणारे आपले स्वतःचे संकेतनाम मिळते. मग १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत अधिक शक्तीने बोलता येते. मात्र परवाना व्यक्तीचा असतो, तुकडीचा नव्हे. एकाने परीक्षा दिली म्हणून बाकीच्या चौघांनी त्याचे संच वापरावेत हे चालणार नाही. या विद्येचा उपयोग केवढा, हे बंगालला सांगावे लागत नाही. मकरसंक्रांतीच्या गंगासागर मेळ्यात चुकलेल्या यात्रेकरूंना त्यांच्या घरच्यांशी गाठ घालून देण्याचे काम वेस्ट बंगाल रेडिओ क्लबचे सभासद करीत आले आहेत. आणि डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत, अंदमानचे टेलिफोन बंद पडले तेव्हा, त्या सुमारास पोर्ट ब्लेअरला गेलेल्या हौशी चालकांनीच कित्येक कुटुंबांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचवली.

तेव्हा माझी शिफारस अशी. सामान्य भटकंतीसाठी मंजुरी असलेले ४४६ मेगाहर्ट्झचे, पेन्सिल सेलवरही चालणारे, पाण्याला दाद न देणारे, एकाच बनावटीचे संच घ्यावेत; तुकडी आठ-दहा जणांची असेल तर तीन संच, एक पुढे, एक मागे आणि एक मध्ये. आणि ज्या कुटुंबांतील मुले या छंदात रमली आहेत, त्यांनी यंदाच्या हिवाळ्यात त्यांच्यापैकी निदान दोघांना परीक्षेला बसवावे. अर्ज दूरसंचार खात्याच्या 'सरल संचार' या संकेतस्थळावर भरता येतो, आणि अभ्यासाला पुस्तक व सोबती हवे असतील तर या शहरात अनुभवी चालकांची वाण नाही.